सव्वीसची रात्र, सत्तावीसचं पाणी

शुक्रवार, २६ जुलै २०१९. सकाळी ८.३०

रात्री बारा वाजले की तारीख बदलते, असं आपण शाळेत शिकतो आणि जन्मभर धरून चालतो. हवामान खातं तसं धरत नाही. त्यांचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो. वेधशाळेतला माणूस पर्जन्यमापकाशी जातो, नरसाळ्याखाली साचलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो, आकडा वहीत उतरवतो आणि पाणी फेकून देतो. आकडा आजच्या तारखेखाली जातो, पाऊस बराचसा कालचा असतो. साडेआठच का, तर ग्रिनिचच्या घड्याळात तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात आणि हवामानाच्या जगभरच्या नोंदी त्या घड्याळाला बांधलेल्या आहेत. आमच्या बदलापूरच्या कुळगावात साडेआठ म्हणजे लोकलच्या दारात लोंबकळायची वेळ, त्यामुळे याची दखल घ्यायला कुणाला सवड नसते.

त्या शुक्रवारी सगळ्या पेपरांत चौदा वर्षांपूर्वीच्या पुराच्या दिवशीचा पावसाचा आकडा पुन्हा छापून आला होता. सांताक्रूझ, ९४४ मिलिमीटर. २६ जुलै २००५. आमच्या भागात या तारखेला वर्ष जोडावं लागत नाही. ‘सव्वीस जुलै’ म्हटलं की झालं. गंमत अशी, की ९४४ हा आकडा खात्याच्या हिशेबात २७ जुलैचा आहे, कारण मोजपात्र ओतलं गेलं ते सत्तावीसच्या सकाळी साडेआठला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पाऊण शतकही भरलं नव्हतं, त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तर मिलिमीटर. एकाच शहराचे दोन आकडे, आणि दोन्ही वेगळ्याच तारखेखाली. आपण मात्र तारीख घट्ट धरून बसलो.

दुपारी १

माझे वडील पाऊस मोजायचे. खात्याचं यंत्र नव्हतं. सरळ काठाचा पत्र्याचा डबा, गच्चीच्या मधोमध दोन विटांत रोवलेला, आणि माझी शाळेतली लाकडी फूटपट्टी. पट्टीच्या एका काठाला इंच, दुसऱ्याला सेंटीमीटर. वडील इंचांच्या काठानं मोजायचे. देशात वजनं १९५८ पासून मेट्रिक झाली, नवे पैसे त्याच्या आदल्या वर्षीच आले, पण पावसाचा इंच काही त्यांच्या तोंडातून गेला नाही. ‘माथेरानला दोनशे इंच पडतो’ हे वाक्य मिलिमीटरात म्हणून पाहा, घशातच अडकतं.

आकडा ते ‘कालनिर्णय’च्या चौकटीत पेन्सिलीनं लिहीत. सकाळच्या चहानंतर मोजायचं आणि कालच्या चौकटीत लिहायचं, कारण पाऊस काल पडला. खात्याची रीत नेमकी उलटी. म्हणून त्यांचा आकडा पेपरातल्याशी कधीच जुळायचा नाही, एक दिवस मागे राहायचा, आणि ते पेपरवाल्यांना नावं ठेवायचे. २००५ च्या जुलैच्या पानावर सव्वीसच्या चौकटीत आकडा नाही. तिथं फक्त ‘डबा वाहिला’ असं लिहिलंय.

ते गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं. मी मिलिमीटर वापरतो. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, इतका सोपा हिशेब इंचात होत नाही. आमच्या गावात मात्र जमीन चौरस मीटरनं कळत नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आर, व्यवहारात गुंठा, फ्लॅट स्क्वेअर फुटात, पाया भरायला खडी ब्रासनं. म्हणून मी कुळगावकरांसाठी वेगळा हिशेब करून ठेवलाय. एका गुंठ्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटरचा एक टँकर भरतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकराला चाळीस टँकर. एप्रिल-मे मध्ये ज्याने टँकरचे पैसे मोजलेत त्याला हे लगेच उमगतं.

खात्याच्या बुलेटिनात आणखी तिसरंच माप असतं, सेंटीमीटर, तेही पूर्णांकात. सात ते अकरा म्हणजे मुसळधार, बारा ते वीस म्हणजे अतिमुसळधार, एकवीसपासून पुढे अत्यंत मुसळधार. बुलेटिनात ‘२१’ वाचून कुणी म्हणालं, ‘एकवीसच ना, मग काय एवढं,’ तर त्याच्या डोक्यात मिलिमीटर असतात. एकवीस मिलिमीटरला आमच्याकडे छत्रीसुद्धा कुरकुरत उघडतात.

दुपारी पावसाचा सूर बदलला होता. पागोळ्या तुटत नव्हत्या.

संध्याकाळी ७

न्यू जर्सीहून भाच्याचा मेसेज. तिकडे सकाळचे साडेनऊ. ‘मामा, तिकीट झालं. ८/७ ला निघतोय.’

बायको म्हणाली, आठ जुलै तर होऊन गेली की. मग उलगडा झाला. बारा वर्षं तिकडे राहून पोरगं महिना आधी लिहायला लागलंय. आठवा महिना, सातवा दिवस. असले घोळ आमच्याकडे नवे नाहीत. अमेरिकेतला हल्ला ‘नाइन-इलेव्हन’ म्हणून आपण जसाच्या तसा घेतला, तो सप्टेंबरमधला. मुंबईवरचा हल्ला ‘सव्वीस-अकरा’, तो नोव्हेंबरमधला. दोन्ही एका दमात बोलतो, आणि एकात महिना आधी, दुसऱ्यात दिवस आधी, हे कुणाच्या जिभेला टोचत नाही. सव्विसावा महिनाच नसल्यामुळे ती तारीख निदान उलटी वाचता येत नाही. बारापर्यंतच्या तारखांना मात्र ही ढाल नाही. वर्षातून एकशे बत्तीस दिवस असे आहेत की जे उलटे वाचले तर दुसरीच खरी तारीख निघते. दरवर्षी फक्त बारा दिवस दोन्हीकडून सारखे, एक-एक, दोन-दोन, असे.

मी त्याला लिहिलं, ‘महिना अक्षरात लिहीत जा.’ त्यानं अंगठा पाठवला. खाली विचारलं, ‘तिकडे पाऊस कसाय?’ मी लिहिलं, ‘आज सव्वीस जुलै आहे.’ एवढ्या उत्तरात सगळं आलं असं मला वाटलं. तो २००५ मध्ये चौथीत होता.

२०.२०

रेल्वेची वेळ चोवीस तासांची. संध्याकाळचे आठ-वीस म्हणजे वीस-वीस. याच सुमाराला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून १७४११ महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरकडे निघाली. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडच्या माणसांची ही रात्रीची हक्काची गाडी. शुक्रवार असल्यानं डबे भरलेले. जेवण करून झोपायचं, उजाडता उजाडता मिरज.

या गाडीच्या तिकिटावर दोन तारखा असतात. मुंबई, कल्याणला चढणाऱ्याच्या तिकिटावर २६. पुण्याला चढणाऱ्याच्या तिकिटावर २७, कारण पुण्याला ती बारा उलटून गेल्यावर पोचते. गाडी एक, रात्र एक, तारखा दोन. यात फसलेला माणूस प्रत्येक घरात एक तरी सापडेल. आमच्याकडे काका. कल्याणहून रात्री बारा-पंचवीसची गाडी, तिकिटावर पंधरा तारीख. काका पंधराच्या रात्री ट्रंक, डबा, पाण्याची बाटली घेऊन स्टेशनात. गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली. टीसीनं तिकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, ‘आजोबा, तुमची पंधरा काल रात्रीच संपली.’ काका तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. त्यांना गाडी चुकल्याचं दुःख कमी आणि आजोबा म्हटल्याचं जास्त.

रात्री १०

गाडीच्या आधी नदी पोचली.

उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळवरून उतरते, वांगणी आणि बदलापूरला वळसे घेते, कल्याणवरून खाडीला मिळते. एकूण सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. लांबी बेताची, पण वरचा टप्पा सह्याद्रीच्या कड्याखालचा. घाटात पडलेलं पाणी काही तासांत आमच्या बॅरेजवर येतं. रूळ तिच्या कडेकडेनं जातात, कारण सपाट वाट तिनंच केलेली.

नदीचा धोका कळावा म्हणून दोन आकडे ठरलेले आहेत. बदलापूरला इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५०. मोबाइलवर ‘उल्हास १७ मीटरवर’ असं आलं की आमच्या सोसायटीत गलबला होतो. सतरा मीटर म्हणजे पाच मजले! कुणाच्या डोळ्यांसमोर पाच मजली पाण्याची भिंत, तर कुणी म्हणतो, हॅ, काहीतरीच, उगाच घाबरवतात. दोघंही चुकतात. ही उंची नदीच्या तळापासून नाही, समुद्रसपाटीपासून आहे. बारवी धरण ७२.६० मीटरला भरतं, तेही तिथूनच. तळ नक्की किती मीटरवर आहे, ते ज्याला ठाऊक त्यालाच सतरा म्हणजे किती ते कळणार. आकडा बरोबर आणि शून्य कुठं आहे ते सांगितलेलं नाही, अशा आकड्याला मी इशारा म्हणणार नाही. आमच्या चौकातल्या पुलाच्या खांबावर एक लाल पट्टा ओढला असता तरी पुरलं असतं.

त्या रात्री मोबाइलवर दुसरीही आवई होती, दर पावसाळ्यात असतेच ती. ‘बारवी सोडलं.’ कुणी क्युसेकचा आकडा लावला, कुणी टीएमसी, कुणी दलघमी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अठ्ठावीस लिटरांच्या वर थोडं. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट. दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी अठ्ठावीस दलघमींहून थोडा जास्त भरतो. पैकी एक वाहतं माप, दोन साठ्याची, आणि साठ्याच्या दोहोंत अठ्ठावीस पटींचा फरक. ‘बारवीत ३३८’ असं वाचून जो टीएमसी समजेल त्याला उजनी आणि कोयना मिळूनही थोड्या वाटतील. आणि मुळात बारवी नदी उल्हासला मिळते ती गावाच्या खालच्या अंगाला. वांगणीच्या बाजूला चढणाऱ्या पाण्यात तिचा हात नव्हता. ते पाणी वरून, कर्जतकडून येत होतं, आणि त्याचा मेसेज कुणी केला नव्हता.

कल्याण-कर्जत लोकल तोवर रखडायला लागल्या होत्या. महालक्ष्मी त्याच रुळांवरून पुढे सरकत होती.

२४.०० किंवा ००.००

आमची लाइट गेली. ही वेळ कशी लिहायची यावरसुद्धा एकमत नाही. चोवीस लिहिलं तर शुक्रवार, शून्य लिहिलं तर शनिवार. घटका तीच.

अंधारात पडल्या पडल्या मला कॅनडातलं विमान आठवलं. जुलैच, २३ तारीख, १९८३. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७, कंपनीचं पहिलंच किलोग्रॅमात इंधन मोजणारं विमान. इंधनाचं दर्शक यंत्र बिघडलेलं, म्हणून टाकीत मापकाठी घालून मोजलं, ७,६८२ लिटर. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करताना गुणायला घेतला १.७७, जो पौंडांसाठीचा. किलोसाठी सुमारे ०.८ हवा होता. वीस हजारांवर लिटर भरायचं, तिथं ४,९१७ लिटर भरून विमान उडालं. एकेचाळीस हजार फुटांवर इंधन संपलं, दोन्ही इंजिनं थंड. वैमानिकाला ग्लायडर चालवायचा सराव होता, म्हणून गिम्ली नावाच्या जुन्या धावपट्टीवर एकोणसत्तर माणसं जिवंत उतरली. मंगळाच्या यानाला १९९९ साली असा वैमानिक नव्हता. एका चमूनं बळाचे आकडे पौंडांत दिले, दुसऱ्यानं न्यूटन समजून घेतले, साडेचारपटीचा फरक, आणि यान मंगळाच्या वातावरणात शिरून गेलं.

गिम्लीच्या गोष्टीत मला नेहमी ती काठी आठवते. काठीनं अचूक मोजलं होतं.

शनिवार, २७ जुलै. पहाटेपूर्वी

बदलापूर सोडून वांगणीच्या अलीकडे, चामटोलीच्या शिवारात, महालक्ष्मी थांबली. पुढे रूळ दिसत नव्हते. मागेही दिसेनासे झाले. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, आणि खाचरांवरून नदी.

गाडी नेमकी कुठं आहे? रेल्वेपाशी याचं चोख उत्तर असतं. विजेच्या प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्यापुढे तिरकी रेघ मारून खांबाचा क्रमांक. अंधारात टॉर्च मारून वाचलं तर एखाद्या तारखेसारखंच दिसतं. बदलापूर मुंबईपासून अडुसष्ट किलोमीटर, वांगणी एकोणऐंशी, गाडी या दोहोंमध्ये. तरी सकाळी बातम्यांत कुणी साठ किलोमीटर म्हणत होतं, कुणी शंभर. शंभरावर कर्जत आहे. शंभरावरून नाव सोडली असती तर डोंगराला लागली असती.

डब्यातल्या माणसांना किलोमीटरचं काही पडलेलं नव्हतं. त्यांचं माप पायऱ्या होतं. पहिली पायरी गेली. दुसरी गेली. कुणी घरी फोन करून सांगत होतं, पाणी पोटरीला, गुडघ्याला, मांडीला. मराठीत पाण्याच्या खोलीची ही मोजपट्टी अंगावरच असते. घोटाभर, गुडघाभर, कमरेएवढं, छातीएवढं, गळ्याशी, डोक्यावरून. विहिरीला पुरुष, दोन पुरुष, पाच परस. आणीबाणीत हिचं रूपांतर करावं लागत नाही. कोल्हापूरच्या आईला ‘कमरेएवढं’ म्हटलं की तिला कळतं, आणि नव्वद सेंटीमीटर म्हटलं तर आधी विचार करावा लागेल. या मापात एकच खोट, कंबर कुणाची ते सांगत नाही. सहा वर्षांच्या पोराच्या गळ्याशी येतं ते बापाच्या कमरेला असतं.

प्यायचं पाणी संपलं. शौचालयांत चिखल. लाइट गेली, मोबाइल एकेक करून विझले. रेल्वेनं प्रवाशांना एकच निरोप दिला, गाडीतून उतरू नका, गाडी हीच सर्वांत सुरक्षित जागा आहे. रुळांचा भराव आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच असतो, त्यावर चाकं, त्यावर डबा. बाहेर पाऊल टाकणाऱ्याला आपण भरावावर पाय ठेवतोय की खाचरात, हे पाण्याखाली दिसणार नव्हतं. निरोप योग्यच होता. पण पहाटे चारला अंधारात बसून हे पटवून घ्यायला फार मोठं काळीज लागतं.

सूर्योदय

सव्वासहाच्या सुमारास उजाडलं, सूर्य दिसला नाही. पंचांगाचा दिवस मात्र ढगांना विचारत नाही. उगवतीला जी तिथी ती त्या दिवसाची. काल नवमी, आज दशमी, आषाढ वद्य. आमच्याकडे आषाढ, पण आमच्या दुधवाल्याचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीच लागला होता, कारण उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. सरकारच्या राष्ट्रीय पंचांगात त्या दिवशी ५ श्रावण, शके १९४१. म्हणजे एकाच देशात तीन हिशेब, दोघांत श्रावण आणि एकात आषाढ, आणि श्रावण म्हणणाऱ्या दोघांचेही दिवस वेगळे. १९५७ साली हा राष्ट्रीय हिशेब आला तो हा गुंता सोडवायला. आता तो आकाशवाणीवर आणि ‘कालनिर्णय’च्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत राहतो.

आजी असती तर म्हणाली असती, उजाडेपर्यंत कालचाच दिवस. तिच्या मते रात्र ही मागच्या दिवसाची शेपटी. तिच्या हिशेबानं गाडी नवमीला निघाली आणि नवमीलाच अडकली.

उजेडात चामटोली आणि आसपासच्या पाड्यांतली माणसं गाडीकडे आली. सरकारी बोटींच्या आधी. त्यांना मीटर नको होते. कुठला बांध कुठं, कुठं ओढा आडवा येतो, कुठं पाऊल टेकतं, हे त्यांना रोजच्या पायानं ठाऊक. पाणी, बिस्किटं, चहा, जे हाताला लागलं ते घेऊन ती आली.

सकाळी ८.३०

वेधशाळेत मोजपात्र ओतलं गेलं. खात्याचा सत्तावीसचा आकडा तयार झाला, ज्यात सव्वीसची संध्याकाळ आणि अख्खी रात्र होती.

मी गच्चीवर गेलो. वाऱ्यानं डबा आडवा पडला होता. विटा जागच्या जागी, डबा कठड्याशी, तळाला वाकडं-तिकडं बोटभर पाणी. पट्टी लावून पाहिली, सवयीनं. मग पुसून खिशात ठेवली.

सकाळी १० ते दुपारी ३

एनडीआरएफच्या रबरी बोटी आल्या. नौदलाची पथकं आली, पाणबुड्यांसह. वायुदलाची हेलिकॉप्टरं घोंघावत गेली, लष्कराचे जवान, पोलीस, अग्निशमन दल. बोटीत आधी बाया, लेकरं, म्हातारी माणसं. त्यांत नऊ गरोदर बायका. पाण्याच्या काठाला उतरवून तिथून बदलापूरच्या सह्याद्री मंगल कार्यालयात. जिथं लग्नाच्या पंगती बसतात तिथं डॉक्टरांची टेबलं लागली, सदतीस डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञही.

गाडीत माणसं किती, यावरही सकाळपासून मेळ नव्हता. कुठं सातशे, कुठं दोन हजार. रेल्वेच्या यादीत तिकिटं असतात, आणि पाच वर्षांखालच्या पोराला तिकीट नसतं. जनरल डब्याला यादीच नसते. शेवटी बोटीत पाय ठेवणारी डोकी मोजली तेव्हा आकडा ठरला, १०५०. एकही जीव गेला नाही. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास गाडी रिकामी झाली.

त्याच पुरात कांब्याजवळ, कल्याण-मुरबाड रस्त्यावर, पेट्रोल पंपावर आणि आसपास अडकलेल्यांनाही वाचवलं गेलं. टीव्हीचे कॅमेरे गाडीकडे होते. बदलापूर पश्चिमेला हेंद्रेपाडा, रमेशवाडी, मांजर्लीच्या तळमजल्यांवर माणसं गाद्या पिळत होती, तिकडे कुणी आलं नाही.

भाच्याचा मेसेज, तिकडे पहाट. ‘मामा, बातमी बघितली. ७/२६ ला झालं ना हे?’ मी उत्तर लिहायला घेतलं आणि थांबलो. कुठल्या तारखेला झालं?

संध्याकाळ

कल्याणहून एकोणीस डब्यांची खास गाडी सुटलेल्या प्रवाशांना घेऊन कोल्हापूरकडे निघाली. पुण्याला ज्यांनी २७ तारखेचं तिकीट घेऊन रात्री फलाटावर वाट पाहिली होती, त्यांच्या हाती तारीख बरोबर होती आणि गाडी नव्हती. काका हयात असते तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी

हेंद्रेपाड्यात मित्राच्या घरी गेलो. घर धुऊन झालं होतं, भिंतीला ओलीचा वास. दिवाणखान्याच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची रेघ त्याच्या वडिलांनी तेलरंगानं मारून ठेवलीय, खाली ‘२६-७-०५’. नव्या पाण्याचा तपकिरी काठ तिच्याखाली वीतभर. मित्रानं ब्रश आणि उरलेला रंग काढून ठेवला होता. रेघ मारली, सरळ, माझी फूटपट्टी लावून. तारीख मात्र लिहीना.

‘सव्वीस लिहा ना,’ वहिनी म्हणाल्या. ‘सव्वीसच्या रात्री आलं पाणी. मी टीव्ही बंद केला तेव्हा अंगणात होतं.’

‘घरात शिरलं ते दोन वाजून गेल्यावर,’ मित्र म्हणाला. ‘म्हणजे सत्तावीस. मी घड्याळ बघितलंय.’

‘मी झोपले नव्हते. माझ्यासाठी सव्वीसच.’

मुलगी आतून म्हणाली, ‘बाबा, आधी वर्ष लिहा, मग महिना, मग दिवस. जगभर चालतं.’

त्यानं ब्रश रंगात बुडवला, भिंतीपर्यंत नेला, आणि ‘-७-१९’ एवढंच लिहिलं. आधीची जागा मोकळी ठेवली. अजून तशीच आहे.